लिलावात विकलेला तानपुरा घ्यायला माणूस दारात येतोय. पैसे कसे घ्यायचे?

गावभागकर (गुरुवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मावशीचा तानपुरा विकलाय. मिरजेतच केलेला, मोठ्या भोपळ्याचा, पन्नासेक वर्षांचा असेल. मावशी कैक वर्षं गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. खालची पेटी आणि डग्गा गेला, तानपुरा माडीवर होता म्हणून वाचला. आता मावशीचा खांदा धरलाय आणि आमच्यात कुणाला धड सा लावता येत नाही. कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो, दसऱ्याला पुसायचा आणि परत ठेवायचा.

जुन्या वाद्यांचे ऑनलाइन लिलाव चालतात अशा एका साइटवर टाकला होता. बोली १२ हजारांपासून सुरू झाली आणि काल रात्री ३१,५०० वर थांबली. साइटचं म्हणणं असं, की वस्तू कुरिअरनं पाठवलीत आणि पैसे आमच्यामार्फत घेतलेत तर आम्ही बघू, हातोहात दिलीत तर तुमचं तुम्ही बघा. आता तानपुरा कुरिअरनं कोण पाठवणार? भोपळ्याला एक ठोका बसला की खेळ खलास. म्हणून 'स्वतः येऊन न्यावा' ही अट मीच घातली होती.

बोली जिंकणारे गृहस्थ सोलापूरचे आहेत म्हणे. ते येणार नाहीत, त्यांचा मेहुणा रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन येईल. "तो पोचला की मी इकडून यूपीआय करतो, तो तुम्हाला स्क्रीनशॉट दाखवेल, तुम्ही तानपुरा द्या." माणूस बोलायला गोड आहे. पण मावशी म्हणाली, "बोली एकाची, पैसे दुसऱ्याचे आणि न्यायला तिसराच. मला नाही पटत."

मी उगाच शंका घेतोय का?

बेदाणा (गुरुवार, रात्री ९:२०)

स्क्रीनशॉट बघून तानपुरा द्यायचा असंल तर तानपुऱ्याचा पण स्क्रीनशॉटच द्या की.

निवृत्त_कॅशियर (गुरुवार, रात्री १०:०५)

बेदाणाभाऊंनी एका ओळीत सांगितलं, मी जरा लांबण लावतो. ३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, सवय जात नाही.

हुबेहूब पेमेंट अॅपसारखी दिसणारी बनावट अॅप मिळतात. त्यात तुमचं नाव आणि रक्कम टाकली की हिरवी टिक येते, आवाजसुद्धा तसाच येतो. पैसे मात्र कुठूनच कुठे जात नाहीत. तेव्हा त्याच्या फोनवर काय दिसतंय ते बघायचंच नाही. बघायचं आपल्या खात्यात, आपल्या फोनवर, बँकेच्या अॅपमधल्या शिल्लक रकमेवर. एसएमएसवरही जाऊ नका. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून कधीच येत नाही.

"सर्व्हर डाऊन आहे, तासाभरात पडतील" हे ऐकलंत की खुर्ची द्या, पाणी द्या, वस्तू देऊ नका. यूपीआय आणि आयएमपीएस रविवारीही चालतं. एनईएफटीसुद्धा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचनं. यूपीआय खरंच अडकलं तरी पैसे एक तर तुम्हाला मिळतात नाही तर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच्या खात्यात परत जातात. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच आहे, उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे. म्हणजे अडकल्यामुळं खऱ्या गिऱ्हाइकाचं काही बुडत नाही. मग तानपुरा आत्ताच नेण्याची घाई कुणाला?

चेक नको. हल्ली तो त्याच दिवशी वटतो हे खरं, पण रविवारी संध्याकाळी हातात आलेला चेक म्हणजे कागद. परत आला तर चेक न वटल्याचं कलम १३८ आहे, पण त्यात ३० दिवसांत नोटीस काढा, १५ दिवस वाट बघा, महिन्याच्या आत कोर्टात जा, आणि मग तारखा. तोवर तानपुरा कुठल्या कुठे गेलेला असतो.

जतचा_वारा (गुरुवार, रात्री १०:३१)

आमच्या चुलत्याचं सांगतो. पाच एचपीची मोटर विकायला टाकली होती. फोन आला, "मी फौजी आहे, पोस्टिंग बाहेर आहे, मोटर न्यायला गाडी पाठवतो." ओळखपत्राचा फोटो, वर्दीतला फोटो, सगळं. मग क्यूआर पाठवला, "हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." आधी एक रुपया टाकून दोन परत आले, चुलता खूश. पुढच्या स्कॅनला ९ हजार गेले. मोटर अजून विहिरीवरच आहे, गाडी काय आली नाही.

पिन टाकून पैसे फक्त जातात. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. चुलत्यानं आता हे मोटरच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवलंय.

निवृत्त_कॅशियर (गुरुवार, रात्री १०:४०)

त्याच भानगडीमुळं एका माणसानं दुसऱ्याकडं पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआरचा डाव मात्र चालूच आहे.

विटेकर_लेस्टर (शुक्रवार, पहाटे २:१५)

मी मूळचा विट्याचा, सध्या लेस्टरला. कॅशियरकाकांचं "खात्यात बघा" शंभर टक्के बरोबर, पण मला खात्यात दिसूनही फटका बसलाय, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी इकडच्या एका लिलावाच्या साइटवर (नाव घेत नाही) माझी सायकल ६४० पौंडांना गेली. जिंकणाऱ्यानं आदल्या दिवशीच ऑनलाइन पैसे भरले, माझ्या खात्यात आलेही. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, फार अदबशीर. टायर दाबून बघितले, थँक्यू म्हणाला आणि बसूनच गेला सायकलवर.

तीन आठवड्यांनी पैसे उलटे फिरले. ज्याच्या खात्यातून आणि कार्डावरून भरले होते तो कुणी भलताच, त्याचं खातं चोरलेलं. तो म्हणाला, मी सायकल बघितलेलीसुद्धा नाही. आणि ते खरंच होतं! पेमेंटवाल्यांनी मला विचारलं, माल पोचवल्याचा पुरावा द्या, पत्ता आणि ट्रॅकिंग नंबर. हातोहात दिलेल्या सायकलचा ट्रॅकिंग नंबर कुठून आणू? दारावरच्या कॅमेऱ्यात पोराचा चेहरा होता, पण हेल्मेट घातलेला. सायकल गेली, पैसे गेले, वर खातं वजा.

बहुतेक ठिकाणी गोम अशी, की विकणाऱ्याला मिळणारं संरक्षण कुरिअरच्या पावतीवर उभं असतं. वस्तू दारात दिली की ते गळून पडतं. घेणाऱ्याला मात्र कार्डाचा व्यवहार उलटवायला कितीतरी आठवडे असतात. ईबेवर आता न्यायला येणाऱ्याकडे क्यूआर आणि सहा आकडी कोड असतो. विकणाऱ्यानं तो अॅपमध्ये स्कॅन केला की दिल्याची नोंद होते. मी तो स्कॅन झाल्याशिवाय दाराची साखळीसुद्धा काढत नाही.

कराडचा_संगम (शुक्रवार, सकाळी ८:०२)

ईबे भारतातून २०१८ लाच गेलं ना? आधी बाझी होतं, २००४ ला ईबेनं घेतलं. बाझीवर मी जुनी नाणी घ्यायचो. काय दिवस होते.

विटेकर_लेस्टर (शुक्रवार, सकाळी ११:४०)

हो. आणि पेपालनंही भारतातल्या भारतात पैसे द्यायची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. म्हणजे माझा किस्सा तुमच्याकडं जशाच्या तसा घडणार नाही. तुमच्याकडं वेगळं घडत असेल.

तासगाव_मोबाइल (शुक्रवार, दुपारी १:१८)

घडतंय की दादा. ऐका.

माझं छोटं दुकान आहे. जुना लॅपटॉप १८ हजाराला विकला. पोरगा दुकानात आला, बघितला, यूपीआय केलं. साउंडबॉक्स ओरडला, खात्यात जमा झाले, अॅपमध्ये बघितले, सगळं रीतसर. १९ दिवसांनी ऊस तोडणीवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत गेलो. म्हणाले, खात्यावर होल्ड आहे, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा.

झालं होतं असं, की त्या पोरानं दिलेले पैसे कुणातरी बाईला फसवून काढलेले. तीन खाती फिरून माझ्याकडं आले. पोलिस पैशाच्या मागं मागं येतात आणि वाटेत जेवढी खाती लागतील तेवढी धरतात. माझा त्यात संबंध काय, तर लॅपटॉप विकला एवढाच. पण माझ्याकडं बिल नव्हतं, पोराचं आधार नव्हतं, लॅपटॉपचा सीरियल नंबरसुद्धा कुठं लिहिलेला नव्हता. त्या राज्यातल्या ठाण्याला मेलवर मेल, फोनवर हिंदी, अडीच महिने. शेवटी खातं सुटलं पण १८ हजार अजून होल्डवरच आहेत.

आता ज्याच्या नावानं पैसे येतील त्याच माणसाला माल. "भावाच्या खात्यातून टाकतो" म्हणाला की भावाला घेऊन ये. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

उंबरठा (शुक्रवार, दुपारी २:५०)

वकील आहे, फुकट सल्ला देतोय, जपून घ्या.

तासगावकर म्हणतात ते होल्ड आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली टाकतात, १ जुलै २०२४ च्या आधी सीआरपीसीचं १०२ होतं. त्या वेळी तुमच्या हातात विक्रीचा साधा कागद असला तरी फार फरक पडतो.

मूळ प्रश्नाचं. वस्तू विक्री कायदा १९३० चा, त्याचं कलम ४७ सांगतं की पैसे मिळाले नसतील तर विकणारा वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणजे लिलाव झाला, बोली ठरली, समोरचा दारात उभा राहून "मी जिंकलोय, माझा माल द्या" म्हणून ओरडला, तरी तुम्ही नाही म्हणू शकता. पण हा हक्क ताब्याला चिकटलेला आहे. ताबा दिला की तोही गेला. मग उरतो तो दावा, आणि दाव्याचं काय होतं ते कॅशियरकाकांनी लिहिलंच आहे.

कुपवाड_भंगार (शुक्रवार, संध्याकाळी ७:३३)

मी भंगारवाला, मला एक कळंना. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावात कारखान्याचं गंजकं भंगार जरी घ्यायचं झालं तर आधी अनामत भरा. बोली मिळाली की मुदतीत सगळी रक्कम भरा. मग डिलिव्हरी ऑर्डर. माल उचलायला मी न जाता पोरगा गेला तर माझं अधिकारपत्र, त्याच्या सहीचा नमुना, ओळखपत्र. रिकाम्या गाडीचं वजन, भरल्या गाडीचं वजन, मग गेटपास. त्यात एक अक्षर चुकलं तर वॉचमन गाडी उभी ठेवतोय दिवसभर उन्हात.

एवढी अक्कल भंगाराला लावत्यात, आणि तुमी तानपुरा मेव्हण्याला देताय व्हय?

माझं ऐका, रोख घ्या. नोट हातात, वस्तू गाडीत. ना होल्ड ना बिल्ड.

निवृत्त_कॅशियर (शुक्रवार, रात्री ८:१०)

रोखीला माझी ना नाही, पण संध्याकाळी अंधारात ५०० च्या ६३ नोटा मोजणार कोण? मधे एखादी रंगीत झेरॉक्स असली तर? घ्यायचीच असेल तर त्याला घेऊन पैसे भरायच्या मशीनवर जा आणि त्याच्यासमोर तुमच्या खात्यात भरा. नोटा मशीन तपासतं, पावती मिळते. आणि भंगारशेठ, तुमच्यासाठी आठवण: एका व्यवहारात २ लाख किंवा वर रोख घेतलीत तर जेवढी घेतली तेवढा दंड, २०१७ पासून.

कुपवाड_भंगार (शुक्रवार, रात्री ८:१४)

काका, जाहीर बोलू नका की.

सातारची_सई (शुक्रवार, रात्री ११:२६)

गावभागकर दादा, तुमच्या मावशींचं ते 'तिसराच' वाचलं आणि राहवलं नाही.

गेल्या वर्षी मी कॅमेऱ्याची एक लेन्स विकायला काढली, २८ हजार. एकाचा फोन आला, घासाघीस न करता हो म्हणाला. "माझा भाऊ येईल बघायला. त्याच्याशी किमतीचं बोलू नका हं ताई, त्याच्या वाढदिवसाचं आहे, त्याला माहीत नाहीये. पैसे मी देतो." मला गंमतच वाटली, किती प्रेमळ भाऊ वगैरे.

रविवारी एक मुलगा आला, वाईचा. लेन्स उजेडाला धरून बुरशी आहे का बघितली, काचेवर फुंकर मारली, स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून आमच्या तुळशीचे चार फोटो काढले. म्हणजे जाणकार. मग फोनवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "झाले ताई, पाठवले." मी खातं बघितलं, काही नाही. म्हटलं, नाही आले. तो म्हणाला, "अहो गेले की, २६ हजार." मी म्हटलं, २६ कसले, २८ ठरलेत. तो म्हणाला, "तुमच्या भावाशी २६ च ठरलंय."

मला भाऊच नाही.

पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं जिन्यात उभे. मी त्याला चोर समजतेय, तो मला. शेजारच्या काकू बाहेर आल्या, तो रडवेला झालेला. मग काकूंनीच विचारलं, "तुम्हाला दोघांना फोन केला कुणी?" नंबर पडताळले. एकच नंबर! माझ्या फोनमध्ये 'लेन्स गिऱ्हाईक' म्हणून, त्याच्या फोनमध्ये 'लेन्स सातारा, ताईचा भाऊ' म्हणून. मधल्या माणसानं माझे फोटो वापरून स्वस्तात जाहिरात केली होती. मला सांगितलं पैशाचं बोलू नका, त्याला सांगितलं ताईशी पैशाचं बोलू नका. आम्ही दोघंही इतके सज्जन, की बोललो नाही.

तिथूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लेन्स माझ्याकडे राहिली म्हणून माझं वाचलं, त्या मुलाचे २६ हजार गेले. पुढं त्याला किती परत मिळाले माहीत नाही, मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

तर दादा, तो मेहुणा आला की आधी त्यालाच विचारा, "तुम्हाला हा तानपुरा केवढ्याला पडला?"

मिरज_षड्ज (शनिवार, सकाळी ७:४५)

सगळे विकणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. मी आयुष्यभर घ्यायला गेलोय. दोनशे किलोमीटर जावं आणि भोपळ्याला लांबीनं भेग निघावी, किंवा आपण पोचायच्या आत त्यानं दुसऱ्याला दिलेला असावा, हे मला तीनदा झालंय. आगाऊ पैसे पाठवायला घेणाराही घाबरतो, त्याला चोर ठरवू नका. हजारभर विसार पाठवावा, बाकीचे वाद्य वाजवून बघितल्यावर तिथंच द्यावेत, हे दोघांनाही सोसतं.

दोन प्रश्न. तानपुऱ्यावरचं पांढरं नक्षीकाम हस्तिदंती नाही ना? असलं तर विकणं सोडा, वन्यजीव कायद्यात अडकाल. आणि या सोलापूरकरानं बोली लावायच्या आधी विचारलं काय काय? जवारी (तारेचा घुमणारा नाद) कशी आहे, खुंट्या फिरतात का, भोपळा कुठला?

गावभागकर (शनिवार, सकाळी १०:२०)

नक्षीकाम सेल्युलॉइडचं आहे, मावशीनं तेव्हाच विचारून घेतलेलं. भोपळा पंढरपूरकडचा.

षड्जकाका, तुमचा दुसरा प्रश्न वाचून सगळं चॅट परत चाळलं. वाद्याबद्दल त्यानं एक अक्षर विचारलेलं नाही. पत्ता विचारलाय, गाडी दारापर्यंत येते का विचारलंय, आणि घरी कोण कोण असतं ते.

आणि आज सकाळी हा मेसेज: "सर, मी ३३,५०० टाकतो. वरचे दोन हजार मेहुण्याला रोख द्या, डिझेलला लागतील."

बेदाणा (शनिवार, सकाळी १०:२४)

आला का डिझेलला. म्हणजे तानपुरा पण न्यायचा आणि वाटखर्ची पण तुमचीच.

निवृत्त_कॅशियर (शनिवार, सकाळी १०:५०)

जास्तीचे पैसे टाकून फरक रोखीत मागणं ही फार जुनी खोड आहे, डिमांड ड्राफ्टच्या काळापासूनची. खोटा डीडी द्यायचा आणि वरची रक्कम परत मागायची. आता डीडीची हिरवी टिक झाली.

उद्या तुम्ही एकटे राहू नका. मावशींना आत बसवा. आणि येणाऱ्याचं आधार बघितल्याशिवाय माडीवर नेऊ नका, तानपुराच खाली आणून ठेवा.

गावभागकर (रविवार, रात्री १०:०८)

मंडळी, आले आणि गेले.

सात वाजता पांढरी गाडी. एक आत आला, एक गाडीतच, इंजिन चालू. शेजारचे दोघे ओट्यावर गप्पा मारत बसवले होते. मेहुणा तिशीचा असेल, चपला काढून बसला. तानपुरा समोरच भिंतीला टेकून ठेवलेला, गवसणीत. त्यानं एकदा बघितलं, "हाच ना?" म्हणाला आणि फोन काढला. हिरवी टिक, माझं नाव, ३३,५००, खाली लांबलचक नंबर. त्याच क्षणी माझ्या फोनवर मेसेज, रक्कम जमा. कॅशियरकाका, दहा आकडी नंबरवरून.

मी अॅप उघडलं. शिल्लक कालचीच. म्हटलं, दिसत नाहीत हो. "सर्व्हर डाऊन असेल." (इथं मला हसू आवरेना.) म्हटलं बसा, चहा घ्या, येतील तेव्हा येतील. बायकोनं चहा आणला, त्यानं घेतला नाही. दोन वेळा सोलापूरला फोन लावला. मग मी सईताईंचा प्रश्न विचारला, "तुम्हाला केवढ्याला पडला?" म्हणाला, "ते दाजींना माहीत." आधार मागितलं तर गाडीत आहे म्हणाला, आणायला गेला. गाडीच गेली.

त्याच्या फोनच्या स्क्रीनचा फोटो मी पुरावा म्हणून काढून ठेवला होता. आता मोठा करून बघतोय, संदर्भ क्रमांक ११ आकडी आहे.

निवृत्त_कॅशियर (रविवार, रात्री १०:१५)

यूपीआयचा १२ आकडी असतो. गृहपाठ कच्चा.

पैसे गेले नाहीत म्हणून सोडून देऊ नका. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू'मध्ये तो नंबर आणि मेसेज टाका.

मिरज_षड्ज (रविवार, रात्री १०:४०)

गवसणी काढायला सांगितलीच नाही त्यानं? ३१ हजाराचं वाद्य आणि तारेला बोट नाही?

गावभागकर (रविवार, रात्री १०:४३)

नाही. तुम्ही आत्ता म्हणालात तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गावभागकर (पुढचा गुरुवार, रात्री ९:३०)

शेवटचं अपडेट.

दुसऱ्या नंबरची बोली २९ हजारांची होती, बेळगावच्या एका बाईंची. त्यांनी शाळेत गाणं शिकवलंय, आता निवृत्त आहेत. साइटवरून त्यांना विचारलं. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं ते, तारा कुठल्या आहेत आणि तारांखालची घोडी बदललीय का. विसार म्हणून हजार रुपये त्यांच्याच नावानं आले. काल दुपारी मुलाला घेऊन आल्या.

स्वतः गवसणी काढली. भोपळ्यावर बोटांनी टकटक करत कान लावला, आमच्याकडं कलिंगड बघतात तसा. पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं, तारेखाली दोरा सरकवून जवारी जुळवली. अर्धा तास आम्हाला कुणाला विचारलंही नाही. मावशी आतल्या खोलीत होती. सूर लागला तशी बाहेर येऊन दारात बसली.

मग पैसे. आधी एक रुपया टाकला, आला. मग २८ हजार टाकले आणि अडकले. खरंच अडकले! त्यांच्या खात्यातून गेले, माझ्याकडं नाहीत, अॅपमध्ये 'प्रलंबित'. मला मेल्याहून मेल्यासारखं. एवढं सगळं धाग्यावर वाचलेलं, आणि समोर सत्तरीच्या बाई. काय बोलावं? त्याच म्हणाल्या, "तुमच्या खात्यात दिसेपर्यंत मी हा उचलणार नाही. तोवर गाते." मुलतानी गायल्या. चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला, मी बघितलं, अॅपमध्ये शिल्लक बघितली, आले म्हटलं. मावशी माझ्यावरच खेकसली, "गप्प बस, मधे बोलू नको. पुरं होऊ दे त्यांचं."

कागद केला: वस्तूचं वर्णन, रक्कम, संदर्भ क्रमांक, दोघांच्या सह्या, आधारची प्रत, तानपुऱ्यासोबत त्यांचा फोटो. तासगावकर, हे तुमच्यामुळं.

तासगाव_मोबाइल (गुरुवार, रात्री ९:४१)

बरं केलं. ते कागद निदान वर्षभर तरी टाकू नका.

कुपवाड_भंगार (गुरुवार, रात्री ९:५०)

अडीच हजार कमी आले की ओ.

गावभागकर (गुरुवार, रात्री ९:५२)

आले. मावशीनं हिशेबसुद्धा विचारला नाही.

मिरज_षड्ज (गुरुवार, रात्री १०:०३)

बेळगावला नेला कसा? रेल्वेनं नाही ना?

गावभागकर (गुरुवार, रात्री १०:१०)

नाही, भाड्याची ओम्नी होती. मागची सीट आडवी करून खाली गादी घातली. तरी बाईंनी भोपळा गादीवर ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसल्या. निपाणीला चहाला थांबले तेव्हा मुलानं फोटो पाठवला, मुलगा बाहेर चहा पितोय आणि त्या आतच बसलेल्या.